खोडायचं नाही, खाली लिहायचं

सर माझ्या वखारीत पहिल्यांदा आले ते फळा विकत घ्यायला. मी फळे विकत नाही. द्वारका चौकाच्या पुढे माझी जुन्या लाकडाची वखार आहे. पाडलेल्या घरांची दारं, खिडक्या, चौकटी मी घेतो आणि विकतो. तसं त्यांना सांगितलं. त्यांनी नाकावरचा चष्मा गळ्यातल्या दोरीवर सोडला, कपाळावरचा दुसरा चष्मा नाकावर घेतला आणि म्हणाले, "मग दार चालेल. पण कोरं नको. आधी कोणीतरी लिहिलंय असं दाखवा."

पंचवीस वर्षांच्या धंद्यात घाणेरडं दार मागणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा पाहत होतो. इगतपुरीला एक जुना बंगला पाडला होता, त्याचा सगळा माल तेव्हा माझ्याकडे पडून होता. त्यातलं एक दार मी तोंड भिंतीकडे करून कोपऱ्यात लावलं होतं. हिरवा ऑइलपेंट, त्यावर पेन्सिलीने दुधाचे आकडे, कोणाकोणाचे पत्ते, आणि चाकूने मारलेल्या मुलांच्या उंचीच्या खुणा. एका खुणेखाली वेगळ्या अक्षरात लिहिलं होतं, 'बेबीची उंची चुकीची आहे, ती टाचा वर करते.' सर त्या ओळीपुढे पाच मिनिटं उकिडवे बसले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून मी मनातला भाव वाढवला.

"अस्सल सागवान आहे," मी म्हटलं आणि आकडा सांगितला.

"असं तुमचं म्हणणं," सर म्हणाले. "आणखी कोण?"

मला वाटलं, दुसरा दुकानदार विचारताहेत. पण ते माझ्या हमालाकडे वळले. "तुमच्या मते काय होतील हो याचे?"

हमाल पेठ तालुक्याकडचा. बारा वर्षं माझ्याकडे माल उचलतोय, त्याला आजवर कोणी भाव विचारला नव्हता. त्याने खांद्यावरचा पंचा झटकला. "शेठनी लय सांगितले. आन् रंगाखाली काय हाय, कोणाला ठावं?"

मग सरांनी खिडकी बघायला आलेल्या एका बाईंना विचारलं, बाहेर उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला आत बोलावून विचारलं. सगळ्यांचे भाव माझ्याच खडूने माझ्याच दारावर लिहिले, प्रत्येकापुढे ज्याचं त्याचं नाव लिहिलं आणि म्हणाले, "आता तुम्ही बोला, शेठ." दार रिक्षावाल्याच्या भावात गेलं. माझा त्यांच्यावर राग आहे तो तेव्हापासूनचा, आणि त्याला नवनवीन कारणं पुरवण्यात त्यांनी कधी कसूर केली नाही.

पहिलं कारण, ते माझ्या मुलीच्याच शाळेत विज्ञान शिकवतात हे त्यांनी दार टेम्पोत चढल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी थोडं कमी केलं असतं, असं मला नंतर वाटलं. केलं नसतंही.

शिकवतात असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. आमच्या वेळी मास्तर सांगायचे, आम्ही उतरवायचो. मी दहावीला कसाबसा सुटलो, पण शिक्षण म्हणजे काय हे मला कळत होतं. या माणसाच्या तोंडून वर्गात 'बरोबर' हा शब्द कोणी ऐकला नव्हता. पोराने उत्तर दिलं की ठरलेलं वाक्य, "असं तुझं म्हणणं. आणखी कोण?" वर्षाच्या सुरुवातीला हा माणूस लाल पेनं विकत आणून वर्गात वाटायचा. "हे तुमच्याकडे ठेवा. मला त्याचा कंटाळा आला." मग स्वतःच्या नोट्स द्यायचे, त्यात मुद्दाम एक चूक घातलेली असायची आणि ती पोरांनी शोधायची. कधी दोन सापडायच्या. दुसरी मुद्दाम घातलेली नसायची. ते दोन्ही सारख्याच आनंदाने दारावर लिहायचे : 'चूक : माझी. सापडवली : अमुक.'

हो, दारावर. वर्गाच्या मागच्या भिंतीला त्यांनी ते इगतपुरीचं दार टांगलं होतं. कोणीही काहीही विचारायचं, कोणीही उत्तर लिहायचं. नियम तीन. नावाशिवाय लिहायचं नाही. कशावरून म्हणतोस ते सांगायचं. आणि चुकलं तर खोडायचं नाही, खाली लिहायचं. जागा संपली तेव्हा दार मोबाईलवर गेलं. पोरांनीच एक पान उघडलं, त्यालाही नाव 'दार'च दिलं. शाळेतली पोरं, त्यांचे आईबाप, शाळा सोडून गेलेली जुनी पोरं, सगळ्यांना तिथे लिहिता यायचं.

इतर मास्तरांचेही ग्रुप होते. तिथे उत्तराचा फोटो पडायचा आणि चाळीस पोरं तो वहीत उतरवून मोकळी व्हायची. मला ती पद्धत बरी वाटायची. काम होतं. सरांच्या दारावर एका प्रश्नाला अकरा उत्तरं असायची आणि शेवटी सर लिहायचे, 'आणखी कोण?'

त्यांच्या मुलाच्या लग्नाची गोष्ट शाळेत सगळ्यांना माहीत होती. पत्रिका छापायला देण्याआधी त्यांनी ती दारावर टाकली, 'तपासा' म्हणून. सातवीतल्या एका पोराने लिहिलं, 'सर, या तारखेला गुरुवार येत नाही, शुक्रवार येतो. कशावरून : आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर.' वार सरांच्या व्याह्यांनी काढून दिलेला होता. व्याही चिडले. सरांनी पत्रिका दुरुस्त केली आणि खालच्या बाजूला, आहेर आणू नयेत त्याच्या शेजारी, बारीक अक्षरात छापलं, 'वार दुरुस्त केला : अमुक, इयत्ता सातवी.' तो पोरगा लग्नात पहिल्या पंगतीला होता. मीही होतो. जेवण चांगलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार पुढची आहे.

मुलगी दहावीत गेली त्या वर्षी सरांनी सांगितलं, पुस्तकात नाही असं घरच्या माणसाला काय येतं ते विचारा आणि दारावर लिहा. नामपूरच्या एका पोराने कांदाचाळीत कांदा कसा रचला की सडत नाही ते लिहिलं. कोणी आजीकडून शिकलेलं वारं बघून पाऊस ओळखणं लिहिलं. माझी मुलगी वही घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. "पप्पा, सागवान कसं ओळखायचं?"

दहा वर्षांत तिने मला मोबाईलचं रिचार्ज सोडून काही विचारलं नव्हतं. मी जेवण बाजूला ठेवलं. सात खुणा सांगितल्या. वजन कसं बघायचं, हाताला तेलकट कसं लागतं, खरवडलं की कातड्यासारखा वास कसा येतो, पाण्याचा थेंब कसा टिकून राहतो. हलक्या लाकडाला रंग चढवून सागवान म्हणून कसं खपवतात तेही सांगितलं. बोलता बोलता भान राहिलं नाही. बायको म्हणाली, "वरण गार झालं." मी म्हटलं, "होऊ दे."

पोरीने सगळं लिहिलं. सगळं म्हणजे सगळं. 'पप्पा म्हणतात, गिऱ्हाईक लाकूड वाजवून बघतं. वाजवून काही कळत नाही, पण त्याला वाजवू द्यावं, त्याला बरं वाटतं.' आणि शेवटी, 'पप्पा पहिला भाव सांगतात तो दीडपट असतो.'

ते पान किती मोबाईलमध्ये फिरलं मला माहीत नाही. आठवड्याभरात माझ्या वखारीत लोक पाण्याची बाटली घेऊन येऊ लागले. कोणी दार वाजवेना. एक गृहस्थ तर मी आकडा सांगितल्यावर मोबाईल काढून हिशोब करायला लागले. "काय करताय?" मी विचारलं. "दीडने भागतोय," ते म्हणाले.

मी तडक शाळेत गेलो. सर व्हरांड्यात डबा खात होते.

"सर, माझा धंदा तुम्ही चव्हाट्यावर मांडलात!"

"चुकीचं लिहिलंय का काही?"

"चुकीचं असतं तर मी आलो असतो का? सगळं खरं आहे, हाच तर त्रास आहे!"

"मग छानच झालं की," ते म्हणाले आणि मला त्यांच्या डब्यातली मेथीची भाजी देऊ केली. "तुमच्या पानाला सगळ्यांत जास्त लोक आलेत, शेठ."

मी भाजी खाल्ली नाही. घरी आलो आणि पालकांच्या ग्रुपवर लिहायला बसलो. हा ग्रुप सकाळी फुलं पाठवण्यासाठी होता. मी लिहिलं की दहावीचं वर्ष आहे, सर शिकवत नाहीत, पोरंच पोरांना शिकवतात, दारावर कोणीही काहीही लिहितं, मुलांचं नुकसान झालं तर जबाबदार कोण? पाच मिनिटांत अंगठे यायला लागले. ज्यांनी दार कधी उघडलं नव्हतं त्यांचे अंगठे आधी आले. एका बाईंनी लिहिलं, त्यांच्या भाच्याला मोबाईलमुळे चष्मा लागला. रात्रीपर्यंत माझी तक्रार संस्थेच्या अध्यक्षांकडे पोहोचली होती आणि तिच्यात मी न लिहिलेली चार वाक्यं वाढली होती. त्या वाक्यांखाली कोणाचं नाव नव्हतं.

अध्यक्षांनी बैठक बोलावली. मुद्दा एकच, दार बंद करायचं की नाही. मुलीने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं सोडलं. भांडली असती तर मला जमलं असतं. भांडणात मी तयार असतो. ती ताट वाढायची, पाणी ठेवायची आणि निघून जायची.

बैठकीला मोठ्या बाई होत्या, म्हणजे मुख्याध्यापिका, पंधरावीस पालक होते आणि मागे भिंतीला टेकून काही पोरं. त्यात माझीही. सर कोपऱ्यात दोन्ही चष्मे सांभाळत बसले होते. अध्यक्ष मला म्हणाले, "तुमची तक्रार आहे की दारावर चुकीची माहिती असते. एखादं उदाहरण द्या."

मी तयारीनेच गेलो होतो. मोबाईल काढला. माझ्याच सागवानाच्या पानाखाली नववीतल्या एका मुलीने लिहिलं होतं ते मोठ्याने वाचलं : 'शेठच्या सात खुणा आमच्या वर्गातल्या दारावर लावून पाहिल्या. चार जुळत नाहीत. हे दार सागवानी नाही.'

"अध्यक्ष साहेब," मी म्हटलं, "हे दार मी विकलंय. इगतपुरीच्या बंगल्याचा माल आहे, सगळा सागवान. पंचवीस वर्षं मी लाकडात आहे. आणि नववीतली पोरगी मला सांगते सागवान नाही! हे शिक्षण आहे?"

अध्यक्षांनी सरांकडे पाहिलं. आता तरी हा माणूस काही बोलेल, स्वतःची बाजू मांडेल, असं सगळ्यांनाच वाटलं. मलासुद्धा. सर म्हणाले, "असं शेठचं म्हणणं. आणखी कोण?"

मागून ती नववीतली मुलगी पुढे आली. पेठच्या पुढच्या पाड्यावरची, इथे वसतिगृहात राहणारी. हातात काचेचा पेला होता, त्यात पाणी आणि तळाशी लाकडाची ढलपी. "दाराच्या खालच्या कडेची हाय," ती म्हणाली. "आज सकाळी पुन्हा भिजवली. माझा आजा साखरेच्या दुखण्यासाठी असलंच पाणी पितो. मी त्याला फोनवर विचारलं. तो म्हनला, उजेडात धर."

तिने पेला खिडकीशी उन्हात धरला. पाणी पिवळसर तांबूस झालं होतं, आणि कडेला, काचेला लागून, निळी झाक. मोरपिसाच्या आत असते तशी.

मी पाहताक्षणी ओळखलं. निळं पाणी बिबळ्याचं, सागाहून वेगळ्याच झाडाचं. सागवानाचं पाणी निळं होत नाही, कधीच होत नाही. दार ऑइलपेंटने मढवलेलं होतं, बंगल्याचा बाकी सगळा माल सागवानी होता, म्हणून मी ते न खरवडता आत घेतलं. धंद्यात नवीन आलेल्या माणसानेसुद्धा करू नये अशी चूक. माझा हमाल मात्र रंगाखाली काय हाय म्हणून पहिल्याच दिवशी विचारून बसला होता.

"शेठ?" अध्यक्ष म्हणाले.

"बिबळा आहे," मी म्हटलं.

त्या मुलीने लिहिलेल्याच्या खाली आणखी एक ओळ होती, ती मी वाचली नव्हती. मोबाईल हातातच होता. 'ती म्हणाली म्हणून मीही घरी ढलपी भिजवून पाहिली. मलाही निळं दिसलं.' नाव माझ्या मुलीचं, तारीख आठ दिवसांपूर्वीची. आठ दिवस ती माझ्या घरात बिबळ्याचं पाणी बघत होती आणि मला ताट वाढत होती.

एवढ्याने बैठक संपायला हवी होती. पण अध्यक्ष म्हणाले, "ते ठीक आहे. पण लेखी तक्रार तक्रारच असते. शेठ लेखी मागे घेत असतील तर दार चालू. नाहीतर आजपासून बंद. मला नंतर झंझट नको." आणि चहा आला.

मी सरांना व्हरांड्यात गाठलं. अशा वेळी माणूस नरम असतो, मागू ते देतो, हे मला धंद्याने शिकवलंय.

"सर, मी तक्रार मागे घेतो. तुम्ही दीडपटीचं वाक्य काढा."

"ते मला काढता येत नाही हो. खोडायचं नाही, असा नियम आहे."

"मग दार बंद होईल!"

"होईल," सर म्हणाले. त्यांनी विचार केला. "पण दार बंद झालं की दीडपटीचं वाक्यही जाईल, शेठ. तुमचा तर फायदाच आहे. मी तुमच्या जागी असतो तर तक्रार ठेवली असती."

समोरचा माणूस स्वतःचंच नुकसान मला समजावून सांगतोय! हे त्यांनी डाव म्हणून केलं असतं तर मी ओळखलं असतं. तो डाव नव्हता. ते खरंच माझ्या बाजूने हिशोब करून देत होते.

मुलगी खांबापाशी उभी होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा बोलली. "पप्पा, दारावर सगळ्यांत जास्त उत्तरं तुमच्या पानाला आलीत. दहावीच्या पुस्तकातल्या कुठल्याच धड्याला एवढी नाहीत." मग म्हणाली, "मी खाली तुमचं नाव टाकलंय. माझं नाही."

मी पान वर सरकवून पाहिलं. सात खुणांच्या खाली, कशावरून, याच्यापुढे माझं पूर्ण नाव होतं. शाळेच्या कागदावर माझं नाव यापूर्वी लागलं होतं ते फक्त निकालाच्या यादीत, अगदी खाली.

तक्रार मागे घेतली. अध्यक्षांच्या समोर, त्यांच्याच पेनाने. मग मोबाईलवर, मुलीला विचारत विचारत, पेठच्या पोरीच्या ओळीखाली लिहिलं : 'दार बिबळ्याचं आहे. चूक : माझी.' सापडवली, याच्यापुढे त्या मुलीचं नाव लिहिलं. हमालाचंही लिहिलं. आणि हातासरशी दीडपटीच्या वाक्याखाली लिहून टाकलं, 'हे खोटं आहे. सव्वापट असतो.'

घरी पोहोचेपर्यंत त्याच्याखाली मुलीची ओळ आली होती, 'दीडपटच. कशावरून : मी वखारीत उभी राहून ऐकलंय.'

मी सरांना त्या दाराच्या बदल्यात खरंखुरं सागवानी दार देऊ केलं होतं. टेम्पो घेऊन शाळेत गेलो होतो. ते म्हणाले, "नको, शेठ. त्याच्यावर काही लिहिलेलं नाही." टेम्पो भरलेला परत आणला. अशा माणसाचं काय करायचं?

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि शहर सोडून मुलाकडे राहायला जायच्या आधी एकदा वखारीत आले. पुस्तकांच्या कपाटाला लहानशी दोन दारं हवी होती. मी चांगली शोधली. समोर खरवडून दाखवली, वास घ्यायला लावला, थेंब टाकला. मग आकडा सांगितला. कधी नाही तो खरा आकडा सांगितला, घ्यायचा तेवढाच. का ते मला विचारू नका. सांगितला आणि वाट बघत उभा राहिलो. हमाल जवळच होता, दोन गिऱ्हाइकं होती, रिक्षावालाही होता. आता 'आणखी कोण' येणार, माझी पूर्ण तयारी होती.

"असं तुमचं म्हणणं," सर म्हणाले, पाकीट काढलं, दारं काखेत मारली आणि निघून गेले.

कोणालाच काही विचारलं नाही.

हमाल त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. मीही. पहिल्यांदा सरळ भाव सांगितला, आणि त्या माणसाने घासाघीस करण्याचा मानसुद्धा ठेवला नाही. संध्याकाळी मुलीने मोबाईल माझ्यापुढे धरला. दीडपटीच्या वाक्याखाली, माझ्या सव्वापटीखाली, तिच्या ओळीखाली, नवी ओळ होती : 'मला शेठनी सरळ भाव सांगितला. कशावरून : मी घेतला.' खाली सरांचं नाव.

आता रोज कोणीतरी वखारीत येतं, पाण्याचा थेंब टाकतं, दार तपासतं आणि आकडा विचारण्याआधीच म्हणतं, "सरांना सांगितलात तसा सांगा, शेठ." आणि ते वाक्य मला खोडता येत नाही.